जुना ५० पौंडी पॉवर हॅमर: घ्याच, पण नीट बघून

लोहारकामाचा पॉवर हॅमर, म्हणजे यंत्रावर चालणारा घण, लिटल जायंट ब्रँडचा, ५० पौंडी, म्हणजे रॅम (वर-खाली होऊन ठोकणारा भाग) साधारण २३ किलोचा, सेकंडहँड घेतला आणि खरंच जीव सुखावला, हातघणाने दमछाक करणारा जाड बार आता एका तावात (एकदा तापवून) मस्त लांब होतो.

जुनं मशीन बघताना रंगावर जाऊ नका. बंद असताना रॅमला पहार लावून हलवून बघा, गाइडमध्ये (रॅम ज्यात सरकतो तो मार्ग) थोडा खेळ असेल तर चालतं, ॲडजस्ट होतो. बॅबिट (मऊ मिश्रधातू ओतून केलेली) बेअरिंग झिजली असली तरी पुन्हा ओतता येतात. पण फ्रेमला किंवा डायच्या (ठोकणाऱ्या ठोकळ्याच्या) डोव्हटेलपाशी, म्हणजे तो बसतो त्या खाचेपाशी, तडा दिसला की सरळ निघून या, बीड (ओतीव लोखंड) आहे ते, वेल्डिंगचा भरवसा नाही.

आणि चालवून बघितल्याशिवाय व्यवहार करायचाच नाही! पायपट्टी हळू दाबली की हलका ठोका, जास्त दाबली की दणादण, हा कंट्रोल पायाला जाणवला पाहिजे. माझ्याकडे आधी ठोके अडखळत होते, स्प्रिंगचा ताण बदलला आणि लय बसली.

स्प्रिंगपुढे जाळी मात्र लावाच, स्प्रिंग तुटली तर तुकडा थेट तोंडावर येतो. पाया पण भक्कम काँक्रीटचा हवा.