ओरेगॉनच्या किनाऱ्यावरचे सायकल-मुक्काम: एका हंगामाच्या वापरानंतर

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या पश्चिमेला हिल्सबरो आणि बीव्हरटन या गावांत राहणाऱ्या आम्हा आठ मराठी मंडळींनी २०२२ च्या मेपासून ऑक्टोबरपर्यंत ओरेगॉनच्या राज्य उद्यानांत सायकलने जाऊन एकूण १७ रात्री तंबूत काढल्या. त्यांतल्या दहा रात्री ऑगस्टमधल्या एका सलग सफरीच्या होत्या. ॲस्टोरियापासून ब्रुकिंग्जपर्यंत, म्हणजे राज्याच्या उत्तर टोकापासून जवळजवळ कॅलिफोर्नियाच्या सीमेपर्यंत, सुमारे ३७० मैलांचा किनारा आम्ही सामान सायकलवर लादून पार केला. किलोमीटरमध्ये हे अंतर साधारण ५९५ भरते. आता सफर संपून बराच काळ लोटला आहे, सामानाची झीज डोळ्यांसमोर आहे आणि उत्साहाचा पहिला भरही ओसरला आहे. त्यामुळे मुक्कामाची व्यवस्था, रस्ता आणि सामान या तिन्हींविषयी आता नीट लिहिता येईल असे वाटते.

सर्वांत आधी मुक्कामाविषयी लिहितो, कारण आमच्यासारख्या नोकरदार माणसांना ही सफर शक्य झाली ती त्या व्यवस्थेमुळेच. किनाऱ्यावरच्या बहुतेक मोठ्या राज्य उद्यानांत पायी किंवा सायकलने येणाऱ्यांसाठी तळाचा एक कोपरा राखून ठेवलेला असतो. त्याला सगळे ‘हायकर-बायकर’ म्हणतात. मोटारीने येणाऱ्यांना उन्हाळ्यातल्या जागेसाठी महिनोन्‌महिने आधी आरक्षण करावे लागते. या कोपऱ्यासाठी आरक्षण नसते. संध्याकाळी पोहोचायचे, माणशी शुल्क भरायचे, मोकळी जागा पाहून तंबू ठोकायचा. आम्ही गेलो तेव्हा हे शुल्क माणशी एका रात्रीला ८ डॉलर होते आणि त्यात गरम पाण्याची अंघोळही होती. दिवसभर खारा वारा आणि घाम अंगावर वाळलेला असताना त्या अंघोळीचे मोल काय असते, ते तिथे उभे राहिल्यावरच कळते. दहा रात्रींत आम्हाला एकदाही जागा नाही म्हणून परत फिरावे लागले नाही.

मात्र आठ जणांनी एकदम अशा ठिकाणी उतरणे ही जबाबदारी आहे, हे पहिल्या दोन मुक्कामांतच लक्षात आले. या जागा मुळात एकट्या-दुकट्या प्रवाशाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात. आठ तंबू, आठ सायकली आणि आठ जणांच्या गप्पा तिथे आल्या, की आधी येऊन झोपलेल्या माणसाला त्रास होणारच. म्हणून तिसऱ्या दिवसापासून आम्ही दोघांत एक तंबू असे केले, स्वयंपाकासाठी एकच बाक वापरला आणि रात्री नऊनंतर बोलणे थांबवले. सामान वाहणारी गाडी सोबत ठेवणाऱ्या गटांसाठी ही जागा नाही. त्यांनी रीतसर आरक्षण करून गटासाठीची वेगळी जागा घ्यावी, तेच योग्य आहे.

तारखा आम्ही १८ ते २८ ऑगस्ट अशा ठरवल्या होत्या, कारण ३१ तारखेला गणेश चतुर्थी होती आणि गटातल्या तिघांच्या घरी गणपती बसतो. या दहा रात्री फोर्ट स्टीव्हन्स, नेहेलम बे, केप लुकआउट, बेव्हर्ली बीच, हनीमन, सनसेट बे, बुलर्ड्स बीच, हंबग माउंटन आणि हॅरिस बीच या नऊ उद्यानांत विभागल्या. हनीमनला दोन रात्री राहिलो. दिवसाचे अंतर २५ ते ६० मैलांच्या दरम्यान पडले. गटातले तरुण हाच रस्ता सहा दिवसांत कापण्याच्या बाजूने होते आणि त्यांच्या पायांत तेवढी ताकद नक्कीच होती. परंतु आमच्यात ६२ वर्षांचे एक काका होते आणि दोन वहिनींनी त्याच वर्षी सायकल हाती घेतली होती. समूहाचा दिवस केवळ सायकल चालवण्यात संपत नाही. तंबू सोडवणे, ओले कापड वाळवणे, आठ जणांचा चहा, वाटेतल्या गावात किराणा, पुन्हा तंबू आणि रात्रीचे जेवण यांत रोज पाच तास सहज जातात. हा हिशेब केल्यावर दहा दिवसांचा बेत सर्वांना पटला, आणि आज पुन्हा आखायचा झाला तर मी त्यात एक दिवस वाढवीन, कमी करणार नाही.

दिशेबाबत मात्र दुमत असू नये. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर वारा प्रामुख्याने वायव्येकडून वाहतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडेच जावे. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे दक्षिणेकडे जाताना समुद्र आपल्याच बाजूला राहतो आणि थांबून पाहायच्या जागा रस्ता न ओलांडता मिळतात. एका दुपारी आम्हाला तीन जणांचा एक गट समोरून येताना भेटला. त्यांचे वाऱ्यात ओढलेले चेहरे पाहिल्यावर या सल्ल्याला आणखी पुराव्याची गरज उरली नाही.

किनाऱ्याने जाणाऱ्या हमरस्ता क्रमांक १०१ वर सायकलसाठी कडेला पट्टा बहुतेक ठिकाणी आहे. ओरेगॉनने १९७१ मध्येच कायदा करून रस्तेनिधीतील किमान १ टक्का रक्कम पादचारी आणि सायकलस्वारांच्या सोयींवर खर्च करण्याचे बंधन घातले. त्याचे फळ या रस्त्यावर जाणवते, पण सगळीकडे सारखे नाही. कॅनन बीच आणि मॅन्झनिटा यांच्यामधला आर्च केपचा बोगदा १,२०० फुटांहून लांब आहे आणि आत कडेचा पट्टा नाही. तोंडाशी एक बटण आहे; ते दाबले की आत सायकलस्वार असल्याचा इशारा देणारे दिवे काही वेळ लुकलुकत राहतात. आठ जणांनी तुटक तुटक न जाता बटण दाबून, पुढचे-मागचे दिवे लावून एकदमच आत शिरावे.

पूल हा या रस्त्याचा वेगळाच विषय आहे. कॉन्डे मॅक्कलॉ या अभियंत्याने १९३० च्या दशकात या किनाऱ्यावर बांधलेले पूल देखणे आहेत. न्यूपोर्टचा याक्विना बे पूल आणि नॉर्थ बेंडचा पूल हे दोन्ही १९३६ चे. पण ते त्या काळच्या मोटारींच्या मापाने बांधलेले आहेत. बाजूने वारा आणि मागून लाकडाचे ओंडके नेणारा ट्रक अशा स्थितीत भरलेली सायकल सरळ ठेवणे अवघड होते. नॉर्थ बेंडचा पूल एक मैलाहून किंचितच लांब आहे. तिथे आम्ही सर्वांनी उतरून पदपथावरून सायकली हाताने नेल्या. त्यात अर्धा तास गेला आणि तो वाया गेला असे कोणालाही वाटले नाही.

मुक्कामांची तुलना करायची तर हनीमन मला सर्वांत आवडले. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला, समुद्रापासून जरा आत, क्लिओवॉक्स नावाचे गोड्या पाण्याचे तळे आहे आणि वाळूची टेकडी थेट त्याच्या पाण्यात उतरते. तिथून कूस बेपर्यंत सुमारे ४० मैल वाळूच्या टेकड्यांचा पट्टा आहे. विश्रांतीचा दिवस आम्ही तिथे घेतला, कपडे धुतले, साखळ्या पुसल्या, आणि काका दोन तास पाण्यात होते. हंबग माउंटनचा तळ १,७५६ फुटांच्या डोंगराच्या पायथ्याशी, दरीत आहे. तिथे वारा पोहोचत नाही, पण ऊनही लवकर जाते आणि सकाळी तंबू ओलाच गुंडाळावा लागतो. बेव्हर्ली बीचला रस्त्याखालून जाणारी पायवाट तुम्हाला थेट वाळूवर नेते. मात्र हमरस्ता जवळ असल्याने हलकी झोप असणाऱ्यांनी कानात बोळे घालावेत. नेहेलम बे हे खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या सपाट जिभेवर वसलेले आहे. हा सगळा किनारा त्सुनामीच्या धोक्याचा आहे. म्हणून तंबू ठोकण्याआधी उंचावर जाण्याची वाट दाखवणारी पाटी वाचायची आणि शंभर पावले तरी त्या वाटेने चालून यायचे, असा नियम आम्ही तिथे सुरू केला आणि शेवटपर्यंत पाळला.

केप लुकआउटला माझ्याकडून चूक झाली. अन्न कुलूपबंद पेटीत ठेवावे, हे मला ठाऊक होते. बऱ्याच तळांवर तशी सोयही असते. त्या रात्री थकव्यामुळे मी थालीपीठाची भाजणी आणि शेंगदाण्याचे लाडू सायकलला लावलेल्या पिशवीतच राहू दिले. रॅकूनने पिशवीचे तोंड उलगडून सगळे पसरून टाकले. नुकसान किरकोळ होते, पण माणसाच्या अन्नाची चटक लागलेले जनावर पुढच्या प्रत्येक प्रवाशाच्या मागे लागते आणि शेवटी त्याच्याच जिवावर बेतते, ही गोष्ट माझ्या मनाला अजून लागून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तळातून निघताक्षणी सुमारे ८०० फुटांचा चढ आहे. उपाशीपोटी तो चढू नये, एवढेही त्याच वेळी शिकलो.

स्वयंपाकात सर्वांत उपयोगी ठरले ते मेतकूट. गुरगुट्या भात, मेतकूट आणि तुपाची छोटी बाटली असली की वीस मिनिटांत आठ जण जेवतात आणि भांडी चटकन निघतात. बेसनात तिखट, मीठ, जिरे आणि वाळवलेला लसूण घरीच मिसळून नेले होते. त्याचे पिठले दोनदा केले. गॅसच्या डब्यावर बसणाऱ्या शेगडीला वाऱ्यापासून आडोसा हवा, पण तो चारही बाजूंनी बंद करू नये, कारण आतला डबा तापतो आणि ते धोक्याचे आहे. आम्ही वाऱ्याच्या बाजूला फक्त एक पिशवी उभी करत असू.

आता सायकल आणि सामान. माझी सायकल पोलादी सांगाड्याची, लांब पल्ल्यासाठी बनवलेली आहे. पुढे सर्वांत लहान दातेरी चक्र २६ दात्यांचे आणि मागे सर्वांत मोठे ३४ दात्यांचे. मे महिन्यात शाम्पोएग उद्यानाच्या पहिल्या फेरीला मी १८ किलो सामान नेले, जूनमध्ये बँक्स ते व्हर्नोनिया या जुन्या रेल्वेमार्गावरच्या २१ मैलांच्या वाटेवर ते १५ वर आणले आणि किनाऱ्याला १३ किलोवर निघालो. हे पाच किलो सनसेट बे ते बँडन या टप्प्यात पुरेपूर जाणवले. सेव्हन डेव्हिल्स नावाच्या त्या रस्त्यावर एक चढ संपत नाही तोच दुसरा उभा राहतो. तो दिवस आम्ही मुद्दाम २५ मैलांचा ठेवला होता आणि तरीही संध्याकाळी सगळे गप्प होते.

टायरच्या बाबतीत मी कंजुषी केली नाही. श्वाल्बे मॅरेथॉन प्लस जड आहेत, पण संपूर्ण हंगामात, सुमारे १,१०० मैलांत, मला एकही पंक्चर झाले नाही. ऑर्टलीबच्या गुंडाळून बंद होणाऱ्या पिशव्यांत धुक्याचे आणि पावसाचे पाणी शिरले नाही. त्यांच्या अडकवण्याच्या आकड्यांवर मात्र आता घासल्याच्या खुणा आहेत. एका सोबत्याच्या मागच्या चाकाला २८ आरे होते. रीड्सपोर्टच्या अलीकडे साखळीच्या बाजूचा एक आरा तुटला. त्या बाजूचा आरा बदलायचा तर मागची दातेरी चक्रे काढावी लागतात आणि त्याचे अवजार आमच्याकडे नव्हते. शेजारचे आरे सैल-घट्ट करून चाक कसेबसे सरळ केले, त्याचे सामान सात जणांत वाटून घेतले आणि नॉर्थ बेंडला दुरुस्ती झाली. सामान लादून जाणाऱ्याने ३६ आऱ्यांचे चाक घ्यावे आणि ते छोटे अवजार गटात एक तरी असावे. कॅरिअरचे स्क्रू मी रोज सकाळी तपासत असे. दहा दिवसांत दोनदा ते खरोखरच ढिले झालेले सापडले.

तंबू दुहेरी आवरणाचा होता. ऑगस्टमध्येही इथे रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते आणि पहाटे धुके असते, त्यामुळे बाहेरचे आवरण आतून रोज भिजत असे. दुपारच्या थांब्यावर ते कुंपणावर पसरून वाळवायचे, हे काम मी कधीही टाळले नाही. तंबूची चेन मात्र सप्टेंबरच्या अखेरीस अडकू लागली. बारीक वाळू आणि मीठ दातांत बसले होते. गोड्या पाण्याने धुऊन जुन्या दातांच्या ब्रशने घासल्यावर ती चालू लागली, पण सफरीहून परतल्याच्या दिवशीच धुतली असती तर एवढी खराब झाली नसती. साखळी हंगामाअखेर बदलावी लागली. वाळूत चाललेल्या साखळीकडून याहून अधिक अपेक्षा ठेवता येत नाही.

शेवटचा टप्पा, गोल्ड बीच ते ब्रुकिंग्ज, सॅम्युअल बोर्डमन यांच्या नावाने राखलेल्या १२ मैलांच्या किनारपट्टीतून जातो. राज्य उद्यानांचे पहिले अधीक्षक म्हणून त्यांनी १९२९ पासून काम केले. समुद्रात उभे खडक, त्यांच्या नैसर्गिक कमानी आणि ३४५ फूट उंचीचा थॉमस क्रीकचा पूल एकाच दुपारी भेटतात. या पट्ट्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. आम्ही उशिरा निघाल्यामुळे तीन थांब्यांवरच समाधान मानावे लागले आणि वहिनींना कमानीपर्यंत उतरायचे होते ते राहून गेले.

परतीची सोय निघण्यापूर्वीच पक्की करावी. ब्रुकिंग्ज ते पोर्टलंड हे अंतर मोटारीने ३०० मैलांहून अधिक आहे, आणि आठ सायकली एकाच बसमध्ये मावतील असे गृहीत धरू नये. आमचे दोन मित्र मोठी भाड्याची गाडी घेऊन शनिवारी संध्याकाळीच हॅरिस बीचला आले होते. रविवारी सकाळी चाके काढून सायकली जुन्या चादरींत गुंडाळल्या, आठही जणांचे ओले तंबू वर टाकले आणि रात्री आठ वाजता हिल्सबरोला पोहोचलो.