आर्केडचा स्पिनर दुरुस्तीला दिला आणि १३,७४९ रुपये गेले

पैशांपेक्षा लाज जास्त वाटते, म्हणूनच हे लिहायला दोन महिने लागले. बँकेत ३२ वर्षे लोकांच्या सह्या पडताळून पाहिलेल्या माणसाला घरी आलेल्या एका पोराने चहा पिता पिता गंडवावे, हे चारचौघांत सांगणे सोपे नाही. तरीही सांगतो, कारण त्या पोराच्या जाहिराती ठाणे आणि नवी मुंबईत अजून फिरत आहेत, आणि जुन्या व्हिडिओ गेमची कॅबिनेट, म्हणजे पार्लरमधली उभी मशीन, घरात बाळगणारे आम्ही लोक कारागीर सापडला या आनंदातच निम्मे फसलेले असतो.

माझ्याकडे 'अर्कॅनॉइड'चे कॅबिनेट आहे. टाइटो या जपानी कंपनीने हा खेळ १९८६ साली काढला. त्यात पडद्यावरची चेंडू टोलवणारी पट्टी सरकवण्यासाठी जॉयस्टिक नसून गोल फिरणारा नॉब, म्हणजे स्पिनर असतो. आमच्या भागातले एक व्हिडिओ गेम पार्लर २००४ साली बंद झाले, तेव्हा मी ते ९,००० रुपयांना उचलले होते. गेल्या डिसेंबरात नॉब कसाही फिरवला तरी पट्टी जागच्या जागी थरथरू लागली. नातू सुट्टीला यायचा होता, त्यामुळे मी घाईत होतो, आणि ही घाई फोनवर पहिल्याच वाक्यात बोलून बसलो. ज्याच्याकडून काम करून घ्यायचे, त्याला आपली अडचण कधीही सांगू नये.

तो पोरगा नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याहून आला. हातात चांगली बॅग, अंगात टापटीप शर्ट, तोंडात दर दोन वाक्यांनी "काका". भेटीचे ५०० रुपये त्याने दारातच घेतले. कॅबिनेटचे पॅनेल उघडताना विजेचा धक्का बसू नये म्हणून मी स्वतः प्लग काढून वायर जमिनीवर टाकली होती. त्याने वीज मोजायच्या मल्टिमीटरचे एक टोक स्पिनरच्या लाल वायरीला आणि दुसरे काळ्या वायरीला लावले, माझ्याकडे वळून मान हलवली आणि म्हणाला, "काका, पाच व्होल्ट येतच नाहीत. एन्कोडर गेला." एन्कोडर म्हणजे नॉब कसा फिरला हे मशीनच्या बोर्डाला कळवणारा स्पिनरचा भाग.

प्लग माझ्या पायाशी पडला होता. मशीनच बंद असताना पाच व्होल्ट कुठून येणार? मीटरवर शून्य मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, प्लगही पाहिला, आणि गप्प राहिलो. मनात आलेली शंका मीच झटकून टाकली, कारण कारागिराला शिकवायला जाणारे गिऱ्हाईक मला स्वतःलाच कधी आवडलेले नाही, आणि कदाचित मीटरची काही वेगळी पद्धत असेल, असे मी स्वतःला समजावले. माझा एवढाच गुन्हा. त्या क्षणी "आधी मशीन चालू करून पाहू या" हे सहा शब्द तोंडातून निघाले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. ते सहा शब्द मी आजही रात्री मनात म्हणतो.

पुढचा प्रकार तुम्हाला वेगळा सांगायला नको. मूळ सुटा भाग जपानहून मागवायचा म्हणून ७,८०० रुपये आगाऊ, आठवड्याने पार्सल अडकले म्हणून सीमाशुल्काचे ३,४५० रुपये, त्यानंतर 'कॅलिब्रेशन'चे, म्हणजे भाग जुळवून देण्याचे, १,९९९ रुपये. सीमाशुल्क कुणी कारागिराच्या खासगी यूपीआयवर भरत नसते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण ७,८०० अडकलेले असताना ३,४५० देणे हा व्यवहार वाटतो, आणि नेमके तेच त्याला हवे असते. वर 'नमुना जुळवायला' म्हणून तो जुना स्पिनरही घेऊन गेला. बायकोने तेव्हाच विचारले होते, "अहो, वस्तू नेली त्याची पावती घेतलीत का?" मी तिच्यावरच डाफरलो. भाग नेऊ द्यायचाच असेल, तर तो नेणाऱ्याच्या सहीचा कागद आणि वस्तूचा फोटो घेतल्याशिवाय दाराबाहेर जाऊ देऊ नका.

त्याचा फोन बंद झाल्यावर मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने लक्षणे ऐकूनच निदान केले. नॉबच्या दांड्याला खाचा पाडलेली चकती असते आणि तिच्या कडेला दोन प्रकाश-सेन्सर असतात. कोणता सेन्सर आधी उघडझाप करतो यावरून बोर्डाला दिशा कळते. जुन्या चेंडूवाल्या माउसमध्येही हीच रचना असायची. एक सेन्सर धुळीने झाकला किंवा मेला, की बोर्डाला डावे-उजवे उमगत नाही, म्हणून पट्टी थरथरते. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस फिरवून आधी धूळ पुसायची, आणि त्याने भागले नाही तर सेन्सर बदलायचा. तो त्याने मला ४० रुपयांना दिला. तो घेऊन मी घरी आलो खरा, पण बसवायला स्पिनर कुठे होता?

आता पोलिसांचे ऐका. घराजवळच्या पोलीस ठाण्यात मी चार वेळा गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर होते. दुसऱ्या दिवशी सांगण्यात आले, की आरोपीचा पत्ता नवी मुंबईचा आहे, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणाले, पैसे ठाणे शहरातून गेले, तिथेच जा. खाडीच्या पुलावरून या फेऱ्यांत माझे रिक्षाचेच ७६० रुपये झाले. हद्द कोणतीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घेता येते, हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिले आहे. मी त्याची छापील प्रत पुढे ठेवली, तर समोरच्या हवालदाराने ती उलटी करून तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारले, "काका, या वयात व्हिडिओ गेम?" मागच्या बाकावरचे दोघे हसले. चौथ्या वेळी अर्ज घेतला, पण त्यात 'स्पिनर' हा शब्द नको म्हणून 'खेळण्याचे बटण' असे लिहायला लावले. बटणासाठी १३,७४९ रुपये देणारा म्हातारा अर्जातच वेडा ठरला! गुन्हा अजून दाखल नाही. चौकशी चालू आहे, एवढेच उत्तर मिळते.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन मात्र पैसे गेल्या गेल्या करा. मी तो १९ दिवसांनी केला, आणि हा दोष माझा आहे. तोवर त्याच्या खात्यात काही उरलेले नव्हते. ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, त्यामुळे तिथे अर्ज तयार करतो आहे. संदेश पुसू नका, कॉलच्या नोंदी ठेवा; मी रागाच्या भरात निम्मे पुसले आणि आता तारखा आठवून लिहितो आहे.

पॅनेलवर स्पिनरच्या जागी आता भोक आहे आणि त्यातून चार वायरी बाहेर लोंबतात. नातू सुट्टीला आला, त्याने एक डोळा मिटून त्या भोकातून आत पाहिले आणि विचारले, "आजोबा, ते काका कधी येणार?" मी त्याला चिकटपट्टी आणायला पाठवले.