बंद गाडी सांभाळायला दिली आणि ६१,५५० रुपये गेले

ज्यांची गाडी वर्षातून जेमतेम एक-दोनदा रस्त्यावर येते त्यांनी हे वाचाच. मालक नोकरीसाठी परगावी, गाडी इमारतीच्या पार्किंगमध्ये, आणि किल्ली अशा माणसाकडे जो ‘ताई, तुम्ही निश्चिंत राहा’ म्हणतो. एवढं जुळलं की लुबाडायला आणखी काही लागत नाही. माझे ६१,५५० रुपये गेले. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

वर्षाचं पॅकेज १४,४०० रुपयांचं, सगळे आगाऊ. दर आठवड्याला गाडी बाहेर काढून निदान दहा-बारा किलोमीटर फिरवायची, टायरची हवा बघायची, गाडी धुवायची, महिन्याला एक व्हिडिओ आणि मीटरचा फोटो पाठवायचा. फिरवण्याची अट मी स्वतः हट्टाने घालून घेतली होती. सेल्फ मारून पाच मिनिटं जागेवर चालू ठेवल्याने उभ्या गाडीचं भलं होत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. सेल्फला बॅटरीतून जेवढं जातं तेवढंसुद्धा त्यात नीट भरून येत नाही. इंजिन पुरतं तापत नाही, मग ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी धरतं. त्यामुळे ‘डोळे मिटून गाडी दिलीस’ असं मला कुणी म्हणू नये. मी विचारून, ठरवून, लेखी घेऊन दिली होती.

मग फोन सुरू झाले. आधी बॅटरी गेली, नवीन टाकली, ६,८५० रुपये. मग मागचे ब्रेक जाम झाले, ९,२०० रुपये. पेट्रोल खराब झालं, टाकी उतरवून साफ करावी लागली, ७,५०० रुपये. शेवटी चारही टायर, २३,६०० रुपये.

यातलं एकही कारण मुळात खोटं नसतं, म्हणूनच माणूस फसतो. गाडी उभी राहिली की बॅटरी उतरतेच. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक तिच्यातून थोडं थोडं ओढतच असतात. हँडब्रेक ओढून महिनोन्महिने ठेवली तर मागचे ब्रेक धरतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं. एकाच जागी भार राहिला की टायर चपटे होतात. हे सगळं मी वाचलेलं होतं, त्यामुळे त्याने सांगितलं की मला पटायचं. तो माझ्याच माहितीवर मला विकत होता.

आता तो टायरचा फोन. मी ऑफिसात होते, समोर माणसं बसलेली. तो म्हणाला, ‘ताई, गाडी एका जागी उभी राहून टायर चपटे झालेत. रस्त्यात फुटला तर जबाबदारी आमची नाही.’ एका जागी उभी राहून! दर आठवड्याला फिरवायचे पैसे घेतलेली गाडी एका जागी उभी राहील कशी? त्याच्या तोंडून निघालेलं ते वाक्य मला आजही शब्दन् शब्द ऐकू येतं आणि अंगाची आग होते. त्या आधीचं प्रत्येक बिलही तेच ओरडून सांगत होतं. बॅटरी उतरली, ब्रेक धरले, पेट्रोल नासलं: गाडी फिरली असती तर यातलं काहीच व्हायचं कारण नव्हतं. पण ‘फुटला तर’ म्हटल्यावर समोर अपघात दिसतो. त्या गाडीतून सुट्टीत माझे आई-वडील बसणार होते. मी तिथल्या तिथे पैसे पाठवले. कुणीही पाठवले असते.

मीटरचे फोटो यायचे ते वेगवेगळ्या महिन्यांत, शंभर मेसेजांच्या गर्दीत. आलेला फोटो आधीच्या फोटोशेजारी ठेवून कोण बघतं? नंतर ठेवले तेव्हा कळलं. सगळ्या फोटोंत २८,४१६. एक किलोमीटरचाही फरक नाही. व्हिडिओत बॉनेट उघडं, इंजिन चालू, गाडी चकचकीत. चाक हललेलं एकाही व्हिडिओत नाही.

सुट्टीवर आले तेव्हा गाडी सुरूच होईना. दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. ‘नव्या’ बॅटरीला मीटर लावला तर ११.९ व्होल्ट. पूर्ण भरलेली चांगली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ दाखवते. ही कुठली तरी जुनी, वर नवं स्टिकर. टाकीच्या बोल्टांवर धुळीचा थर जसाच्या तसा. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर ०९१६, म्हणजे २०१६ सालचा नववा आठवडा. माझी गाडी २०२० ची! कुणाच्या तरी गाडीचे काढलेले टायर पॉलिश मारून माझ्या गाडीला बसवले आणि माझे चांगले टायर विकून खाल्ले. ज्या माणसाला टायर फुटण्याची एवढी काळजी होती, त्याने हे टायर बसवले. पैशांपेक्षा याचा राग जास्त आहे.

टायर बदलून घ्याल तेव्हा नव्या टायरचा तो कोड बिलावर लिहून घ्या. जुने टायर, जुनी बॅटरी ताब्यात घ्या. जुन्या बॅटरीचेही पैसे मिळतात, ते मला कुणी दिले नाहीत.

चौकीत गेले. ‘मॅडम, पैसे तुम्ही स्वखुशीने पाठवलेत ना? मग हा दिवाणी मामला.’ फोटो दाखवले, बिलं दाखवली, टायरचा कोड समजावून सांगितला. पुढचं उत्तर: ‘पैसे पाठवले तेव्हा तुम्ही तिकडे होता, तिकडे तक्रार करा.’ तिकडे गेले तर म्हणे गाडी आमच्या हद्दीत नाही. अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर ‘साहेब आल्यावर’. साहेब आलेच नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. सोपवलेली वस्तू परस्पर विकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ चा विश्वासघात आहे, आणि खोटं सांगून पैसे काढणं ही कलम ३१८ ची फसवणूक. हे मी त्यांना वाचून दाखवलं. ‘मॅडम वकील आहात का?’ असं विचारून मागचे दोघं हसले. नागरिकाने कायदा वाचला तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

एका तक्रार हेल्पलाइनवर नोंद केली. त्यांनी तक्रार त्या माणसाकडे पाठवली, त्याने ‘सेवा दिली आहे’ असं एका ओळीत कळवलं आणि तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज मला आला. मला एकदाही न विचारता! विमा कंपनीचं म्हणणं, झीज आणि देखभालीतला हलगर्जीपणा पॉलिसीत बसत नाही. सगळे पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतात आणि तो माणूस त्याच इमारतीत दुसऱ्यांच्या गाड्या धूत असतो.

जिल्हा ग्राहक आयोगात मात्र ‘तुमची हद्द नाही’ हे चालत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथे तक्रार दाखल करता येते, दोन वर्षांच्या आत. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मला हे कुणीही सांगितलं नाही, मी शोधून काढलं. तक्रार दाखल केली आहे. सगळे मीटरचे फोटो तारखेसह छापून जोडलेत.

गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, हँडब्रेक सोडून गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना अडण लावा. याला कुणाचं पॅकेज लागत नाही. आणि कुणाला किल्ली दिलीच असेल, तर आत्ता, हे वाचून झाल्याबरोबर, त्याने पाठवलेला पहिला आणि शेवटचा मीटरचा फोटो काढून आकडे ताडून बघा.