जपानमध्ये मुलाची शाळा निवडताना : छोटी इंग्रजी आंतरराष्ट्रीय शाळा की वॉर्डातील सरकारी शाळा?

नोकरीनिमित्त टोकियो किंवा योकोहामा येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबातील मूल सहा वर्षांचे होत आले की घरात एकच विषय सुरू होतो. घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या जपानी सरकारी प्राथमिक शाळेत नाव घालावे, की जेमतेम पन्नास-साठ मुलांच्या एखाद्या इंग्रजी आंतरराष्ट्रीय शाळेत? आमच्या थोरल्या मुलीच्या वेळी आम्ही हा प्रश्न ‘इंग्रजी की जपानी’ असा मांडला आणि त्यात कित्येक महिने घालवले. आता वाटते की प्रश्न मुळातच चुकीचा मांडला होता. मूल पंधरा वर्षांचे होईल तेव्हा आपण कोणत्या देशात असू, हे आधी ठरवावे लागते आणि बाकीची तुलना त्यानंतर करावी लागते.

प्रथम कायद्याची बाजू पाहू, कारण अनेक पालकांना ती उशिरा कळते. जपानमध्ये प्राथमिकची सहा आणि कनिष्ठ माध्यमिकची तीन अशी नऊ वर्षे शिक्षण सक्तीचे आहे; परंतु ही सक्ती जपानी नागरिकत्व असलेल्या मुलांच्या पालकांवर आहे. आईवडील दोघेही भारतीय असतील तर मुलाला सरकारी शाळेत घालण्याचे बंधन नाही. मात्र अर्ज केल्यास प्रवेश मिळतो, फी नसते आणि पाठ्यपुस्तकेही मोफत मिळतात. ज्या घरात आई किंवा वडील जपानी आहेत आणि मुलाचे नागरिकत्वही जपानी आहे, तेथे स्थिती वेगळी असते. १९४७ च्या शालेय शिक्षण कायद्याच्या पहिल्या कलमात ज्या शाळांची गणना होते, त्यांत बहुतेक आंतरराष्ट्रीय शाळा येत नाहीत. काहींना प्रांताची ‘काकुशु गाक्को’, म्हणजे इतर प्रकारची शाळा, म्हणून मंजुरी असते, तर अनेक छोट्या शाळांना तीही नसते. अशा शाळेत जाणाऱ्या जपानी नागरिक मुलाच्या पालकांचे सक्तीच्या शिक्षणाचे कर्तव्य पूर्ण झाले असे मानले जात नाही. म्हणून अशा पालकांनी वॉर्डाच्या शिक्षण मंडळाशी बोलल्याखेरीज पुढे जाऊ नये.

खर्चातील अंतर मोठे आहे. टोकियोतील जुन्या, मोठ्या आंतरराष्ट्रीय शाळांची फी वर्षाला २५ लाख येनच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. छोट्या शाळा त्यामानाने स्वस्त असल्या तरी प्रवेश शुल्क आणि बसभाडे धरून आकडा सहज दहा लाखांच्या पुढे जातो. कंपनी फी भरत नसेल, तर दोन मुलांच्या बाबतीत बहुतेकांचा निर्णय येथेच होतो.

छोट्या शाळेचे बलस्थान मात्र खरे आहे आणि ते कमी लेखू नये. आम्ही पाहिलेली एक शाळा इमारतीच्या दोन मजल्यांवर भरत होती. पहिली आणि दुसरी मिळून बारा मुले एकाच खोलीत होती, आणि बाईंना प्रत्येक मूल कोणत्या शब्दाला अडखळते हे तोंडपाठ होते. शाळा सुटताना त्या दारात उभ्या राहून प्रत्येक पालकाशी इंग्रजीत दोन मिनिटे बोलत. परक्या देशात आपल्या मुलाचा दिवस कसा गेला हे आपल्याला समजणाऱ्या भाषेत ऐकायला मिळणे, याचे मोल ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. शाकाहारी मुलाच्या डब्याचा प्रश्नही तेथे सहज सुटतो. सरकारी शाळेत सर्वांना एकच जेवण, ‘क्यूशोकू’, वाढले जाते. त्यात मांस-मासळी असते, वरणासारख्या दिसणाऱ्या सुपातही माशाचा अर्क असतो, आणि घरचा डबा आणण्याची परवानगी प्रत्येक शाळेत वेगळी मागावी लागते.

त्याच शाळेला स्वतःचे मैदान नव्हते. मुले खेळायला शेजारच्या सार्वजनिक बागेत जात. वर्गात आमच्या मुलीच्या वयाची एकच मुलगी होती, आणि ती पुढच्या वर्षी मायदेशी परतणार होती. छोट्या शाळेत एक शिक्षक सोडून गेला की अर्धी शाळा बदलते. म्हणून पाहायला जाल तेव्हा गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक बदलले, सहावीनंतर मुले कोठे गेली, आणि जपानी भाषेचे तास आठवड्याला किती आहेत, हे तीन प्रश्न स्पष्टपणे विचारावेत.

सरकारी शाळेत कष्ट पालकांच्या वाट्याला येतात. पहिलीच्या सुरुवातीला गणिताच्या साहित्याची एक पेटी घ्यावी लागते. तिच्यातील प्रत्येक मोजकाडीवर, प्रत्येक ठोकळ्यावर आणि खोट्या नाण्यावर मुलाचे नाव चिकटवायचे असते. तांदळाएवढ्या अक्षरांच्या त्या पट्ट्या चिमट्याने लावत आम्ही दोघे दोन रात्री बसलो होतो. शिवाय रोजच्या सूचना जपानीत, पालकसभा जपानीत, आणि नोंदवहीत शिक्षकांनी लिहिलेली ओळ वाचायला फोनचा आधार. पण मूल स्वतःच्या पायांनी शाळेत जाते, वर्गमित्र त्याच गल्लीत राहतात, वर्ग झाडणे आणि जेवण वाढणे ही कामे ते पाळीपाळीने करते. दुसरीत ते ‘नि निन् गा शि’ म्हणत पाढे घोकू लागते, तेव्हा ‘बे दुणे चार’वर वाढलेल्या आजीलाही फोनवर त्याची चाल ओळखू येते.

सरकारी शाळेत इंग्रजी मात्र थोडेच असते. २०२० पासूनच्या अभ्यासक्रमात तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तासिका आणि पाचवी-सहावीला ७० तासिका आहेत, आणि तासिका ४५ मिनिटांची असते. एवढ्यावर मूल इंग्रजी पुस्तके वाचू लागणार नाही. तरीही मराठी कुटुंबाच्या दृष्टीने ही उणीव भरून निघण्यासारखी आहे, असे माझे ठाम मत आहे. रोज अर्धा तास इंग्रजी वाचून घेणे बहुतेक आईवडिलांना जमते. कांजी, म्हणजे जपानी लिपीतील चित्राक्षरे, शिकवणे जमत नाही. प्राथमिकच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी शिकवल्या जातात : पहिलीत ८०, दुसरीत १६०, तिसरीत २००. म्हणजे इंग्रजी शाळेतून चौथीत सरकारी शाळेत आलेल्या मुलाच्या मागे ४४० कांजींचा डोंगर उभा असतो, आणि त्याच कांजींमध्ये विज्ञान आणि समाजशास्त्राची पुस्तके लिहिलेली असतात. काही वॉर्डांत जपानी भाषेचे वेगळे वर्ग मिळतात, पण ती दरी त्यांतून लवकर भरत नाही.

जपानमध्येच राहायचे असेल तर पुढची पायरीही पाहावी. पहिल्या कलमात न येणाऱ्या शाळेतून नववी झालेल्या मुलाला जपानी हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेची पात्रता आपोआप मिळत नाही. विद्यापीठाच्या बाबतीत २००३ पासून, ठरावीक आंतरराष्ट्रीय संस्थांची मान्यता असलेल्या शाळांतून बारावी झालेल्यांना दार उघडे आहे. छोट्या शाळेकडे ती मान्यता क्वचितच असते.

दोन-तीन वर्षांत पुण्याला किंवा ठाण्याला परतणे नक्की असेल, तर माझा कौल इंग्रजी शाळेच्या बाजूने आहे. आणि त्यातही २००४ साली कोतो वॉर्डात सुरू झालेली इंडिया इंटरनॅशनल स्कूल किंवा २००६ पासून टोकियोत असलेली ग्लोबल इंडियन इंटरनॅशनल स्कूल आधी पाहावी, कारण तेथे सीबीएसईचा अभ्यासक्रम असल्याने परतल्यावर धागा तुटत नाही. मूल नऊ-दहा वर्षांचे असताना जपानला आले असेल, किंवा मोठ्या वर्गात गप्प गप्प होणारे असेल, तर छोटी आंतरराष्ट्रीय शाळा त्याला खरोखर सावरू शकते. पाच वर्षांहून अधिक राहण्याचा विचार असेल, तर पहिलीपासून सरकारी शाळाच घ्यावी.

मुक्काम किती वर्षांचा हेच ज्यांना सांगता येत नाही, त्यांनी एप्रिलमध्ये सरकारी शाळेत सुरुवात करावी. बहुतेक आंतरराष्ट्रीय शाळांचे वर्ष ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होते, त्यामुळे पाच महिन्यांनी बदल करण्याची सोय उरते. परदेशी मुलासाठी सरकारी शाळेचे दार कायद्याने पुढेही उघडेच असते, परंतु प्रत्येक इयत्तेगणिक त्या दाराशी कांजी साचत जातात. प्रवेशापूर्वीची आरोग्य तपासणी आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत होते. तेव्हा पत्र येण्याची वाट न पाहता उन्हाळ्यातच वॉर्ड कार्यालयात जाऊन प्रवेशाचा अर्ज मागून घ्यावा.