परसातलं तळं: सिमेंटचा हौद बांधावा की कागद अंथरावा?

मासे कोणते आणायचे हे घरात बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. तळं कशाचं करायचं हा प्रश्न मागाहून येतो आणि गवंडी म्हणेल तसा सुटतो. माझं ठाम मत आहे की याचं उत्तर परसातल्या मातीला विचारावं. दहा बाय सहा फुटांचं, तीन फूट खोल तळं धरून चालू. त्यात पाच हजार लिटर पाणी, म्हणजे पाच टन वजन.

मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की भेगांत हात जातो. अशा जमिनीत नुसत्या विटांचा, गिलावा केलेला हौद कोपऱ्यात तडकणारच. सळ्या घालून काँक्रीट केलं, खाली मुरूम भरून नीट ठोकला तर टिकतो, पण मग खर्चाचं गणितच बदलतं. इथे शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद सरस, कारण माती हलली तर तोही थोडा हलतो. माप घेताना लांबी आणि रुंदी, दोन्हींत खोलीची दुप्पट मिळवायची आणि काठावर दाबायला प्रत्येक बाजूला एक फूट जादा धरायचा. आपल्या तळ्याला अठरा बाय चौदा फूट कागद लागेल. खाली वाळूचा थर आणि जुनी गोणपाटं हवीतच. काठावरचा उघडा भाग उन्हाने कडक होऊन चिरतो, म्हणून तो दगडांखाली पूर्ण झाकावा. घुशींचा वावर असेल तर कागदाला भोकं पडणार हे धरूनच चाला. आणि कमळ थेट तळात लावू नका. त्याचे कंद टोकदार असतात आणि पसरतात. कुंडीतच लावा.

कोकणात आणि गोव्यात माझा कौल उलटा. जांभा खणला की भिंत सरळ उभी राहते, जमीन खचत नाही, चिरा हाताशी असतो. चिऱ्याचा हौद बांधून आतून सिमेंटचा गिलावा आणि वॉटरप्रूफिंग केलं की काम पक्कं. सखल परसात कागद घातला तर आषाढात जमिनीतलं पाणी वर येतं, कागद खालून फुगतो आणि तळ्याच्या मधोमध काळा फुगवटा तरंगायला लागतो. त्यावर दगड ठेवून उपयोग होत नाही, पाणी बाजूने वाट काढतं. हौदाचंही एक पथ्य आहे: भर पावसात तो रिकामा करू नये, खालच्या पाण्याचा दाब त्यालाही उचलू शकतो.

कागदाचा मोठा फायदा म्हणजे थांबावं कमी लागतं. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो, पाणी अल्कधर्मी होतं आणि माशांच्या कल्ल्यांना ते सोसत नाही. हौद भरायचा, आठवडाभर ठेवायचा, उपसायचा, पुन्हा भरायचा, असं तीन-चार वेळा करावं लागतं. आपल्याकडे त्यात केळीचे खांब कापून टाकतात. ते कुजू लागले की बाहेर काढावेत, नाहीतर पाण्यातला प्राणवायू संपतो. पीएच, म्हणजे पाणी किती अल्कधर्मी आहे त्याचं माप, साडेआठच्या खाली आल्याशिवाय मासा सोडू नये. कागदाच्या तळ्यात हे सगळं वाचतं. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडायला दोन दिवस उघडं ठेवलं की झालं. मात्र दोन्हीकडे मासे एकदम भरू नयेत. त्यांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला महिना-दीड महिना जातो.

कोई पाळायचेच असतील तर हौद चांगला. हा मासा दोन फुटांपर्यंत वाढतो आणि त्याला मोठा फिल्टर व तळातून घाण काढणारा पाइप लागतो. तो पाइप हौदात बसवणं सोपं, कागदातून काढला की तिथेच गळतीचा धोका असतो. आपल्या पाच हजार लिटरांत तीन-चार कोई पुष्कळ झाले. गोल्डफिश दोन्हीकडे रमतात. नवख्या माणसाने गप्पींपासून सुरुवात करावी. ते डासांच्या अळ्या खातात आणि फिल्टरवाचूनही जगतात. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. खाणं बंद करा आणि कारंजं रात्रीही चालू ठेवा.

उन्हाळ्यात विदर्भात अशा तळ्यातून रोज तीन-चार बादल्या पाणी सहज उडतं. अर्ध्या भागावर हिरवी शेडनेट बांधली तर ते कमी होतं, आणि खंड्यालाही थेट सूर मारता येत नाही.

तळं कशाचंही करा, पावसाचं जादा पाणी जिथून बाहेर पडेल तिथे बारीक जाळी पक्की बसवा. कोई आणि गप्पी दोघेही आपल्या नद्यांचे नाहीत, आणि एकदा ओढ्यात गेलेला मासा परत धरता येत नाही. मासे नकोसे झाले तर ज्यांच्याकडे तळं आहे त्यांना द्या, नदीत सोडू नका.