आठ महिने स्कॅनर वापरल्यावर: पावसात रुसणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

गोव्यात प्रियोळला आमचं छोटं कुळागर आहे, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. सुपारी, नारळ, खताची पोती, अधूनमधून पाहुणे, सगळं एकाच डबल कॅब डिझेल पिकअपमधून जातं. सहा गिअरची ऑटोमॅटिक, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेली. "ऑटोमॅटिक कशाला घेतलीस" हे ऐकून कान किटले, पण डाव्या गुडघ्याने दुसरा मार्ग ठेवला नव्हता.

जूनच्या पहिल्या पावसात फोंड्याहून येताना फर्मागुडीच्या चढावर गाडीने हिसका दिला, इंजिनचा दिवा लागला आणि ती तिसऱ्या गिअरातच अडकली. वर पोचून चावी बंद करून पुन्हा लावली, तर जणू काही झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये एकदम शहाणी. महिन्याभरात असं चारदा झालं. एका गॅरेजने चालवून पाहून "काही नाही" म्हणून परत पाठवली. दुसऱ्याने गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल, दीड लाखाची तयारी ठेवा, असं सांगितलं. न दिसलेल्या दुखण्यावर दीड लाख घालायला मन धजेना. जुलैत स्कॅनर मागवला तो यासाठी. स्कॅनर म्हणजे गाडीच्या पोर्टला लावून तिच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड आणि आकडे फोनवर दाखवणारं यंत्र.

खरं तर दोन मागवले. पहिला आठशे रुपयांचा, ईएलएम३२७ या कोड वाचणाऱ्या चिपची नक्कल असलेला. त्याने कोड दाखवला पी०७००. हा कोड इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये बसतो आणि एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची काहीतरी तक्रार आहे. म्हणजे शेजारच्या घरात भांडण चाललंय एवढं कळलं, कशावरून ते नाही. स्वस्तातला डाँगल बहुतेक वेळा इथेच थांबतो. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी बोलणारा दुसरा स्कॅनर नऊ हजारांना पडला. त्याने पी०७१७ दिला: टर्बाइन स्पीड सेन्सरचा सिग्नल नाही. टर्बाइन म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये घेणारं आतलं चाक.

कोड मिळाला म्हणजे दोष मिळाला असं नाही. सेन्सर खराब, वायर तुटकी, कनेक्टर सैल, यातलं काहीही असू शकतं. माझ्या लेखी नऊ हजार वसूल झाले ते रेकॉर्डिंगमुळे. सुरुवातीला उत्साहाने वीसेक आकडे निवडले होते. इतके आकडे एकदम मागितले की प्रत्येक आकडा दोन-तीन सेकंदांनी बदलतो आणि क्षणभराचा दोष मधल्या मध्ये निसटतो. मग पाचच ठेवले: इंजिनचे फेरे, टर्बाइनचे फेरे, आउटपुट शाफ्टचे (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) फेरे, ऑइलचं तापमान, व्होल्टेज. रोज फोन डॅशवर लावून निघायचो.

मधल्या काळात एक चूक केली. कुणीतरी म्हणालं म्हणून गिअरबॉक्सचं ऑइल बदललं. जुनं ऑइल लालच होतं, जरा काळपट, जळका वास नाही की पाणी शिरल्याचा दुधाळ रंग नाही. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण बदलल्यावर बारा दिवस गाडी सुरळीत चालली आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो. मागाहून कॅलेंडर पाहिलं तेव्हा लक्षात आलं, ते बारा दिवस उघडीप होती.

चवथीच्या आदल्या आठवड्यात माटोळीसाठी (गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या छतासाठी) सुपारीचे घोस घेऊन निघालो होतो, पाऊस धो धो, आणि दोष पकडला गेला. रात्री लॉग उघडला. इंजिन १८५०, टर्बाइन १७९०, आउटपुट १२००. पुढच्या ओळीत टर्बाइन शून्य, बाकीचे दोन जागच्या जागी. त्याच्या पुढच्या ओळीत टर्बाइन पुन्हा १८००. आतला क्लच घसरत असता तर टर्बाइनचे फेरे आउटपुटच्या मानाने वाढले असते. टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाचा, क्लच घसरत असता तर इंजिन आणि टर्बाइनमधलं अंतर वाढलं असतं. गाडी धावत असताना टर्बाइन क्षणात शून्य होऊन क्षणात पुन्हा पूर्ण वेगात फिरूच शकत नाही. शून्य झाला होता तो सिग्नल. ऑइल ९१ अंश, व्होल्टेज १४.१, दोन्ही ठीक.

मग अंगणातच तपासणी. गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, इंजिन चालू. इथे एक खुबी आहे. ब्रेक दाबून डीमध्ये उभं राहिलं तर टर्बाइन थांबलेलाच असतो, आकडा शून्यच दिसतो. पार्कमध्ये मात्र तो इंजिनबरोबर फिरतो, आमचा ७५० च्या आसपास. भाच्याला फोन घेऊन बसवलं आणि मी सायलेन्सरपासून हात लांब ठेवत वायरिंग थोडी थोडी हलवत गेलो. गिअरबॉक्सच्या कडेच्या कनेक्टरला बोट लागलं आणि आतून आवाज आला, "मामा, शून्य! परत ये मागे!"

इंजिन बंद करून कनेक्टर उघडला. रबरी सील फाटलेलं, दोन पिनांवर हिरवा गंज. दोषी बहुधा मीच. कुळागरातला लाल चिखल काढायला दर आठवड्याला प्रेशर पंपाने खालून मारा करायचो. इलेक्ट्रिशियनने पिना बदलल्या, नवीन सील घातलं, ग्रीस भरलं. खर्च दोन हजारांच्या आत. त्यानंतर परतीचा पाऊस झाला, चोर्ला घाटातून बेळगावच्या दोन फेऱ्या झाल्या, दिवा लागलेला नाही.

आता तक्रारी. स्कॅनर पोर्टला लावून ठेवला आणि नऊ दिवस गाडी हलली नाही, तर बॅटरी बसली. तो अशा जागी लोंबतो की उतरताना गुडघा आपटतो, दोनदा ब्लूटूथ तुटलं ते त्यामुळेच. 'कोड पुसा' हे बटण फार मोठं आणि फार जवळ आहे. पुसलं की दोषाच्या वेळचे नोंदलेले आकडेही जातात, म्हणून आधी फोटो काढा. आणि गॅरेजमध्ये पोचल्या पोचल्या कुणी बॅटरीचा टर्मिनल काढायला लागलं तर थांबवा, त्यानेही पुरावा जाऊ शकतो. अडॅप्टेशन रीसेटच्या वाटेला मी गेलो नाही. त्यात गिअर बदलण्याची शिकलेली सवय पुसली जाते, आणि ती नीट परत शिकवायची पद्धत प्रत्येक गिअरबॉक्सची वेगळी.

दोष कायमचा असेल आणि चांगला स्कॅनर असलेला मेकॅनिक जवळ असेल, तर हे विकत घ्यायची गरज नाही. तो तासाभरात शोधेल. माझ्यासारखा येऊन-जाऊन असणारा दोष असेल तर मात्र स्कॅनर गाडीतच हवा.

सगळ्यात मोठी कुरकुर पैशाची. गिअरबॉक्स वाचायची सोय पहिल्या वर्षीच फुकट, जुलैपासून दरवर्षी वेगळे पैसे. ते भरायचे की नाही हे जूनचा पहिला पाऊस फर्मागुडीच्या चढावर कसा जातो ते पाहून ठरवीन.