दादरचं पोस्टर प्रिंटिंगचं दुकान: काम चांगलं, पण रंग आधी बघून घ्या

नाव नाही टाकत, स्टेशनजवळच्या गल्लीत आहे. कॉन्फरन्ससाठी ए-झिरो पोस्टर काढायचं होतं, लॅबमधल्या उंदराच्या मेंदूत स्ट्रायटम या खोलवरच्या भागापासून मिडब्रेनपर्यंत (मधल्या मेंदूपर्यंत) जाणाऱ्या वाटांचं, तर काउंटरवरचे काका म्हणाले, "लोकलचा मॅप आहे का?" म्हटलं तसंच समजा काका, एक फास्ट, डी-वन रिसेप्टरवाल्या (डोपामिन हे रसायन ओळखणाऱ्या एका प्रकारच्या) पेशींची, थेट मिडब्रेनमधल्या सबस्टँशिया नायग्राला, आणि दुसरी स्लो, डी-टूवाल्यांची, ग्लोबस पॅलिडस, मग सबथॅलॅमिक न्यूक्लियस असं थांबत जाणारी. स्ट्रायटममधून सुटताना दोघींकडे सामान एकच, गाबा, म्हणजे पुढच्या पेशीला शांत करणारं रसायन. काका खूश!

घोळ झाला तो रंगात. स्ट्रायटममध्ये पॅच आणि मॅट्रिक्स असे दोन कप्पे असतात; १९८४ मध्ये गर्फेन या संशोधकांनी उंदरात दाखवलं की पॅचमधल्या वाटा नायग्राच्या डोपामिनवाल्या पेशींकडे जातात आणि मॅट्रिक्समधल्या मुख्यतः नायग्राच्याच रेटिक्युलाटा भागाकडे, म्हणून मी पॅच केशरी आणि मॅट्रिक्स लाल केलेलं, प्रिंटमध्ये दोन्ही सेम टू सेम विटकरी. वर लॅमिनेशनचा बुडबुडा नेमका नायग्राच्या कॉम्पॅक्टा भागावर, म्हणजे जिथे डोपामिन तिथेच फुगा 😅

भांडलो नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी फुकट परत काढून दिलं, यावेळी मॅट्रिक्स निळं. आधी ए-फोरवर सॅम्पल मागा, स्वतःहून देत नाहीत. चार स्टार.